विश्लेषण : मोटरहोमने हायवेवरच्या वजनकाट्यावर थांबायचे की नाही?

उन्हाळ्याची सुट्टी, सॅन फ्रान्सिस्कोच्या आसपास राहणारे एखादे मराठी कुटुंब, भाड्याने घेतलेले मोटरहोम आणि यलोस्टोनचा रस्ता. हे चित्र आता अमेरिकेतल्या मराठी मंडळींना चांगलेच ओळखीचे आहे. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेले आई-बाबा मागच्या सोफ्यावर पट्टा लावून बसलेले असतात. आय-८० महामार्गावर फेअरफिल्डजवळ कॉर्डेलियाचा ट्रकचा वजनकाटा येतो. पुढचे ट्रक एकामागोमाग एक उजवीकडे वळू लागतात. बाबा मागून विचारतात, ‘‘अरे, नाका आलाय. मोठ्या गाड्या सगळ्या आत चालल्यात. आपण नाही का घ्यायची?’’

मुलाकडे उत्तर नसते. गाडी जवळपास ३० फूट लांब, वजन सहा टनांच्या पुढे, आरशात मागचे काही दिसत नाही. दिसायला तर ही ट्रकचीच बहीण. आत जावे तर ट्रकवाल्यांच्या रांगेत हसे होणार, न जावे तर मागे पोलिसांचे दिवे लागणार अशी भीती. निर्णयाला मिळतात जेमतेम दहा सेकंद.

कॉर्डेलियाच्या त्या वळणापुरते उत्तर सोपे आहे : कुटुंब सहलीला निघाले असेल तर सरळ पुढे जायचे. मात्र हे उत्तर कॅलिफोर्नियाचे आहे, अख्ख्या अमेरिकेचे नाही. शिवाय ते ज्या कारणामुळे ‘नाही’ असे येते, त्याचा गाडीच्या वजनाशी जवळजवळ काही संबंध नाही. गोंधळ तिथेच आहे, आणि धोकाही.

वजनकाटा नेमका कशासाठी असतो?

रस्ता आणि पूल वाचवण्यासाठी, हे पहिले कारण. अमेरिकेच्या आंतरराज्य महामार्गांवर ट्रकचे एकूण वजन ८०,००० पौंडांपेक्षा, म्हणजे साधारण ३६ हजार २८७ किलोंपेक्षा जास्त असून चालत नाही. एका एक्सलवर २०,००० पौंड, तर जोड एक्सलवर ३४,००० पौंड ही मर्यादा आहे. १९५६ मध्ये महामार्गांचे जाळे विणायला घेतले तेव्हा एकूण मर्यादा ७३,२८० पौंडांची होती. १९७४ च्या कायद्याने ती वाढवली, पण त्याच वेळी पुलांसाठी एक सूत्रही लागू केले. त्या सूत्राचा मथितार्थ असा की, नुसते वजन बघू नका, ते किती एक्सलांवर आणि किती लांबीवर पसरले आहे ते बघा. तेच वजन लांबवर पसरले असेल तर पुलाच्या एकाच गाळ्यावर सगळा भार येत नाही.

एक्सलवर इतका जोर का, हे समजायला एक जुना प्रयोग उपयोगी पडतो. इलिनॉय राज्यातल्या ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात मुद्दाम बांधलेल्या रस्त्यांवर लष्कराच्या चालकांनी वेगवेगळ्या वजनांचे ट्रक अक्षरशः रात्रंदिवस फिरवले. रस्ता किती फेऱ्यांत उखडतो, याची मोजदाद झाली. त्यातून निघालेला ढोबळ नियम आजही अभियांत्रिकीच्या वर्गात शिकवला जातो : रस्त्याचे नुकसान एक्सलवरच्या भाराच्या चौथ्या घाताने वाढते. भार दुप्पट झाला की नुकसान दुप्पट होत नाही, सोळापट होते. दहापट भार म्हणजे दहा हजारपट नुकसान. साध्या मोटारीच्या एक्सलवर २,००० पौंड धरले आणि भरलेल्या ट्रकच्या एक्सलवर २०,०००, तर ट्रकचा तो एक एक्सल मोटारीच्या दहा हजार एक्सलांएवढा रस्ता खातो. सरकार ट्रकच्या मागे हात धुऊन का लागते, ते या आकड्यात आहे.

दुसरे कारण करवसुलीचे. ट्रककडून वजन आणि मैल यांच्या हिशेबाने पैसे घेण्याची पद्धत ओरेगॉनसारख्या राज्यात आजही आहे. पश्चिमेकडच्या काही राज्यांत या काट्यांना ‘पोर्ट ऑफ एन्ट्री’ म्हणतात. आपल्याकडच्या जकात नाक्याची आठवण यावी असेच ते नाव. तिसरे कारण सुरक्षेचे : ब्रेक, टायर, चालकाने किती तास गाडी हाकली त्याची नोंद, मालाची कागदपत्रे.

तिन्ही कारणांत एक गोष्ट समान आहे. समोर धंद्याची गाडी आहे असे गृहीत धरले आहे.

मग मोटरहोम का सुटते?

कारण अमेरिकी कायद्याची रेघ गाडीच्या आकारावर नाही, कामावर आहे. संघराज्याच्या नियमांत ‘व्यावसायिक मोटार वाहन’ ठरायला दोन अटी जुळाव्या लागतात. गाडी व्यापारासाठी वापरात हवी, आणि तिचे वजन किंवा वजनक्षमता १०,००१ पौंड (४,५३६ किलो) अथवा त्याहून अधिक हवी. नाही तर ती ठरावीक संख्येपेक्षा जास्त प्रवासी किंवा धोकादायक माल नेणारी हवी. वजनाची अट मोटरहोम सहज ओलांडते. भाड्याने मिळणारी बरीचशी मोटरहोम फोर्डच्या ई-४५० सांगाड्यावर बांधलेली असतात आणि त्या सांगाड्याची क्षमता १४,५०० पौंड, म्हणजे ६,५७७ किलो आहे. बसच्या आकाराची मोठी मोटरहोम तर याच्या दुप्पट-तिप्पट वजनाची असतात. पण पहिली अट, व्यापाराची, तिथे ही गाडी नापास होते. कुटुंबाला घेऊन डोंगर बघायला जाणे हा व्यापार नव्हे. २६,००१ पौंडांच्या वरच्या गाडीला लागणारा व्यावसायिक चालक परवानाही याच कारणाने संघराज्याच्या नियमात मोटरहोमच्या मालकाला लागत नाही. (टेक्सास, कॅलिफोर्नियासारखी राज्ये फार जड किंवा ४० फुटांहून लांब गाडीसाठी परवान्याचा वेगळा, बिगर-व्यावसायिक वर्ग मागतात, ते निराळे.)

मात्र कोणत्या गाडीने काट्यावर वळायचे, हे वॉशिंग्टनहून ठरत नाही. वजनाची मर्यादा संघराज्याची, अंमलबजावणी राज्याची, आणि ती नीट होते आहे असे दरवर्षी लिहून देण्याची जबाबदारीही राज्याचीच. त्यामुळे थांबण्याचा हुकूम राज्याच्या कायद्यात असतो.

कॅलिफोर्नियाचा कायदा यात स्वच्छ आहे. तपासणीसाठी थांबणे ‘व्यावसायिक वाहनाच्या’ चालकाला बंधनकारक आहे, हे त्या राज्याच्या वाहन संहितेचे २८१३ वे कलम सांगते. आणि २६० वे कलम म्हणते की, भाडे किंवा नफ्यासाठी माणसे नेत नसलेली ‘घरमोटार’ व्यावसायिक वाहन नाही. दोन कलमे एकापुढे एक ठेवली की बाबांच्या प्रश्नाचे उत्तर मिळते. गाडी भाड्याने देणाऱ्या कंपनीचा तो धंदा असला तरी भाड्याने घेणाऱ्याचा नाही, त्यामुळे रेंटल असल्याने चित्र बदलत नाही.

सगळीकडे असेच आहे का?

नाही. पेनसिल्व्हेनियाचा कायदा पोलिसाला ‘कोणत्याही वाहनाला’ थांबवून मोजण्याचा आणि वजन करण्याचा अधिकार देतो. तिथे व्यावसायिक हा शब्दच आडवा येत नाही. म्हणजे रोज प्रत्येक मोटरहोम आत घेतात असे नव्हे, पण पोलिसाने हात केला तर ‘आम्ही सहलीला निघालोय’ हे उत्तर कायद्याने पुरेसे नाही. काही राज्यांनी वजनाची रेघ आखली आहे, काहींनी ‘ट्रक’ असा शब्द वापरला आहे आणि ट्रक म्हणजे काय ते दुसऱ्याच प्रकरणात सांगितले आहे. कॅलिफोर्नियातून निघून पाच-सहा राज्ये पार करणाऱ्या माणसाने प्रत्येक सीमेवर गाडी बाजूला घेऊन त्या राज्याची संहिता वाचावी, अशी अपेक्षा कोणी करत नसेल. व्यवहारात मात्र तीच अपेक्षा आहे.

हा घोळ चालकांचा नाही, सरकारांचा आहे. महामार्गावरचा फलक हाच बहुतेकांसाठी कायदा असतो. त्यावर ‘सर्व ट्रक’ असे लिहिले की मोटरहोमवाला सुटकेचा निःश्वास टाकतो. ‘सर्व व्यावसायिक वाहने’ लिहिले की भाड्याची गाडी चालवणारा बुचकळ्यात पडतो. नुसताच वजनाचा आकडा लिहिला की सगळेच विचारात पडतात. मोटरहोमने यायचे की नाही, एवढी एक ओळ फलकावर वाढवायला कितीसा खर्च येणार आहे? फलक मोघम ठेवला की पोलिसाला मोकळीक राहते, असे यावर म्हणता येईल. ती मोकळीक हवीच, पण तिच्यासाठी फलक मोघम असण्याची गरज नाही. संशय आल्यास कोणालाही बाजूला घेण्याचा अधिकार पोलिसाकडे वेगळा असतोच. मोघम फलकामुळे होते एवढेच की, शेवटच्या क्षणी बावरलेला माणूस २५-३० फुटांची गाडी दोन लेन ओलांडून कडेला ओढतो. मागून येणाऱ्याची त्यात काय चूक?

घर बदलणाऱ्यांनी इथे जास्त सावध राहायला हवे. सामानासाठी भाड्याने घेतलेला पिवळा किंवा पांढरा ट्रक घरच्याच सामानाने भरलेला असतो, चालवणाराही घरचाच असतो. तरीही तो मोटरहोम नाही. फ्लोरिडात शेतमाल तपासणीचे वेगळे नाके आहेत. तिथे मोटरहोमला सूट आहे आणि भाड्याच्या ट्रकला थांबणे सक्तीचे आहे. आत सोफा असला काय आणि संत्री असली काय, हे बाहेरून कळत नाही, असा त्यामागचा विचार. तो पटण्यासारखा आहे.

मोटरहोम ‘व्यावसायिक’ कधी होते?

ज्या दिवशी ते पैसे मिळवायला लागते त्या दिवशी. मोटरहोममधून गावोगावच्या मेळ्यांत माल विकायला नेला, बाजूला कंपनीचे नाव रंगवून प्रचाराला फिरवले, सीटप्रमाणे पैसे घेऊन लोकांना सहलीला नेले, की घरमोटारीची सूट गळून पडते. त्या दिवशी काट्यावर थांबायचेच, आणि कागदपत्रांचीही तयारी ठेवायची.

मधली जागा मजेशीर आहे. मोटरहोमच्या मागे ट्रेलर जोडून शर्यतीची गाडी किंवा घोडा घेऊन जाणारे हौशी लोक अमेरिकेत पुष्कळ. स्पर्धेत बक्षिसाची रक्कम असते. मग हा धंदा की हौस? संघराज्याच्या वाहतूक सुरक्षा प्रशासनाने याचे उत्तर चक्क प्राप्तिकराच्या अर्जात शोधले आहे. बक्षिसाची रक्कम साधे उत्पन्न म्हणून दाखवली असेल, प्रवासाचा आणि देखभालीचा खर्च व्यवसायाचा खर्च म्हणून वजा केलेला नसेल आणि कंपनीचे प्रायोजकत्व नसेल, तर ती हौस. थोडक्यात, कर भरताना ‘हा माझा धंदा आहे’ म्हणायचे आणि काट्यावर ‘ही माझी हौस आहे’ म्हणायचे, हे चालणार नाही. सरकारी नियमांत इतकी चोख व्यवहारबुद्धी क्वचित दिसते.

मोटरहोमला थांबावेच लागते असा नाका आहे का?

आहे, आणि परतीच्या वाटेवर तोच गाठ घालतो. यलोस्टोन बघून आय-८० ने कॅलिफोर्नियात परतताना ट्रकीजवळ एक नाका लागतो. तो वजनाचा नाही, शेतमालाचा आहे. कॅलिफोर्नियाच्या सीमांवर असे १६ नाके आहेत आणि तिथे मोटार असो, मोटरहोम असो वा ट्रक, सगळ्यांनी थांबायचे असते. बाहेरच्या राज्यांतून फळे, रोपे, जळाऊ लाकूड यांच्यासोबत किडी आत येऊ नयेत, हा उद्देश. राहते घर म्हणून वापरलेल्या गाडीत फ्रीज आणि फळांची टोपली असणारच, त्यामुळे मोटरहोम त्यांच्या खास नजरेत असते.

मराठी घरांसाठी यात एक बारकावा आहे. संत्र्या-लिंबांच्या बागांना उद्ध्वस्त करणारा रोग पसरवणारी सिट्रस सिला ही कीड कढीपत्त्यावरही पोसली जाते. ॲरिझोनातल्या नातेवाइकांच्या अंगणातल्या कढीपत्त्याची जुडी फोडणीसाठी प्रेमाने बांधून दिली जाते, ती ब्लाइथच्या किंवा नीडल्सच्या नाक्यावर काढून घेतली जाऊ शकते. आईंना वाईट वाटते, पण कर्मचाऱ्याचे त्यात काही चुकत नाही. विचारल्यावर खरे सांगावे.

एकाच सहलीत जाताना वजनकाट्यावर न थांबणे बरोबर आणि येताना नाक्यावर थांबणे सक्तीचे, हे लक्षात राहिले तरी अर्धे काम झाले.

सूट मिळाली म्हणजे वजन बरोबर आहे का?

खरा प्रश्न हा आहे आणि नेमका तोच विचारला जात नाही. ‘थांबायचे का’ या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे मिळाले की माणूस निश्चिंत होतो. पण काट्याने मोटरहोमला सोडले ते त्याचा धंदा नाही म्हणून. वजन आटोक्यात आहे म्हणून नव्हे. रस्त्याच्या दृष्टीने हे सोडणे समर्थनीयच आहे. चौथ्या घाताचा तोच नियम लावला तर ट्रकच्या निम्मा भार असलेला एक्सल रस्त्याचे सोळावा हिस्साच नुकसान करतो, आणि ट्रक वर्षभर धावतो, मोटरहोम सुट्टीपुरते. प्रत्येक मोटरहोम रांगेत उभे करून सरकारला काही मिळणार नाही, उलट ट्रकची रांग महामार्गावर येईल.

आतल्या माणसांच्या दृष्टीने मात्र हिशेब वेगळा आहे. ट्रकचालकाला दर काही शे मैलांवर कोणीतरी सांगते की तुझे वजन इतके आहे. मोटरहोमच्या चालकाला आयुष्यात एकदाही कोणी सांगत नाही.

किती चटकन मर्यादा ओलांडली जाते ते पाहू. २००८ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक मोटरहोमवर एक स्टिकर लावणे सक्तीचे आहे. माणसे आणि सामान मिळून किती वजन भरता येईल, आणि पाण्याची टाकी पूर्ण भरली तर त्यातले किती पाण्यातच जाईल, हे त्यावर छापलेले असते. समजा एका गाडीच्या स्टिकरवर १,५०० पौंड, म्हणजे ६८० किलो लिहिले आहेत. वाचताना आकडा भरपूर वाटतो. सहा माणसे, सरासरी ७० किलो : ४२० किलो गेले. ४० गॅलनची पाण्याची टाकी भरली : आणखी १५० किलो. उरले ११०. आता सहा जणांच्या बॅगा, प्रत्येकी २० किलो धरल्या तर १२०. अजून तांदळाची गोणी, प्रेशर कुकर, इडलीपात्र, फोल्डिंग खुर्च्या, शेगडी, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, मुलांच्या सायकली यांतले काहीच चढलेले नाही. गाडी मात्र मर्यादेपलीकडे गेलेली आहे. बाहेर फिरायला निघताना घरातले अर्धे स्वयंपाकघर बरोबर घेणारे आपण लोक. हा हिशेब आपल्याला जास्त लागू पडतो, हे कबूल करायला हवे.

पाण्याची आणखी एक गंमत आहे. टाकीतले पाणी वापरले की वजन कमी झाले असे वाटते. ते कमी होत नाही. ते खालच्या सांडपाण्याच्या टाकीत जाऊन बसते आणि रिकामी करण्याच्या ठिकाणापर्यंत गाडीबरोबरच फिरते. फक्त वजनाची जागा बदलते. जागा बदलणेही साधे नसते. मागच्या एक्सलच्या पलीकडे, शेपटाकडे सामान कोंबले की तरफेसारखा परिणाम होतो : मागच्या एक्सलवर सामानाच्या वजनापेक्षाही जास्त भार येतो आणि पुढची चाके हलकी होतात. स्टिअरिंग पुढच्या चाकांचे. उताराला आणि वाऱ्याला गाडी ‘तरंगते’ असे चालक सांगतात, त्याचे एक कारण हे असू शकते.

आणि टायर. टायर किती भार पेलणार हे त्यातल्या हवेच्या दाबावर ठरते. भार जास्त, हवा कमी, रस्ता तापलेला आणि वेग ताशी ७० मैल, असे चार योग जुळले की टायरची बाजू वारंवार दबून आतून तापत जाते. नेवाडाच्या वाळवंटात जुलै महिन्यात हे चारही योग जुळायला वेळ लागत नाही. ट्रकचा टायर फुटला तर माल सांडतो. मोटरहोमचा फुटला तर मागच्या सोफ्यावर आजी-आजोबा बसलेले असतात.

गाडी भाड्याने देणाऱ्यांकडून इथे एक साधी अपेक्षा ठेवता येते. चावी हातात देताना सांडपाण्याची टाकी कशी रिकामी करायची, नळी कुठे जोडायची, हे दाखवले जाते. तसेच त्या वजनाच्या स्टिकरवर बोट ठेवून ‘सहा जण आणि भरलेली टाकी असेल तर सामानाला इतकेच किलो उरतात’ हे सांगणे राज्यांनी बंधनकारक करावे. दोन मिनिटांचे काम आहे.

स्वतःहून वजन करायचे तर कुठे?

ट्रक थांबतात त्या मोठ्या पंपांवर. १९७७ मध्ये सुरू झालेल्या कॅट स्केल या कंपनीचे काटे अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या ट्रक थांब्यांवर आहेत. थोडे पैसे भरले की पुढचा एक्सल, मागचा एक्सल आणि असल्यास ट्रेलर यांचे वेगवेगळे वजन छापून मिळते. वजन करायचे ते सगळे जण आत बसलेले, टाक्या भरलेल्या आणि सामान लावलेले असताना. रिकाम्या गाडीचे वजन करून काही कळत नाही. चिठ्ठीवरचे आकडे चालकाच्या दाराजवळच्या पट्टीवरच्या मर्यादांशी जुळवायचे : एकूण वजन वेगळे, प्रत्येक एक्सलचे वेगळे. एकूण बरोबर आणि मागचा एक्सल जास्त, असे निघू शकते. तेव्हा जड वस्तू पुढे सरकवल्या तरी काम भागते.

फलक कळलाच नाही तर काय करायचे?

वेग आधीच कमी करून आत जायचे. आतला कर्मचारी मोटरहोम पाहून बहुधा हातानेच पुढे जा म्हणतो, आणि दोन-चार मिनिटांत गाडी पुन्हा महामार्गाला लागते. काट्याचा दिवा ‘बंद’ दाखवत असेल तर वळायचे नाही. पुढे निघून गेल्यावर मागे पोलिसांचे दिवे लागले तर उजवीकडे थांबून, हात स्टिअरिंगवर ठेवून, गाडी सहलीसाठी भाड्याने घेतली आहे असे सांगायचे आणि कराराचा कागद दाखवायचा. काट्यावर परत चला म्हणाले तर वाद न घालता जायचे. मागे वळण्यासाठी यू-टर्न मात्र कधीच मारायचा नाही.

भारतात काय स्थिती आहे?

आपल्याकडे मोटर वाहन कायद्याचे ११४ वे कलम जादा भाराचा संशय असलेल्या मालवाहू वाहनाला किंवा ट्रेलरला वजनकाट्यावर नेण्याचा अधिकार देते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा भारासाठी २० हजार रुपये आणि वरच्या प्रत्येक टनामागे दोन हजार रुपये दंड आहे, तर वजन करायला नकार दिल्यास ४० हजार. घरासारखी वापरली जाणारी कॅरॅव्हॅन मालवाहू वाहन नाही, त्यामुळे तीही या कलमाच्या रोखात येत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले आहे. बसच्या किंवा टेम्पो ट्रॅव्हलरच्या सांगाड्यावर पलंग, स्वच्छतागृह, इन्व्हर्टर आणि पाण्याच्या टाक्या चढवलेल्या अशा गाड्या ताम्हिणी किंवा आंबोलीच्या घाटात उतरू लागतील, तेव्हा त्यांत किती वजन भरता येईल हे सांगणारी पट्टी प्रवाशाला दिसेल अशा जागी हवी. गाड्या मोजक्या आहेत तोवरच हे करून घेणे सोपे आहे.

अमेरिकेत निदान एका राज्याने यावर बिनखर्ची तोडगा काढलेला आहे. ओरेगॉनमध्ये अनेक वजनकाटे कर्मचारी घरी गेल्यावरही चालू ठेवलेले असतात. मालाच्या मोसमात शेतकरी तिथे ट्रक आणतात, ट्रकवाले रात्री वजन तपासून घेतात. मोटरहोमवालाही येऊ शकतो. पुढची चाके काट्यावर, मग मागची. बाहेरच्या पाटीवर लाल आकडे उमटतात, कोणी दंड करत नाही, कोणी पावती मागत नाही. मागच्या सोफ्यावरून बाबांनी तो आकडा मोबाइलमध्ये टिपून घ्यावा, आणि सकाळी पाण्याची टाकी अर्धीच भरावी.